जांभळ्या वालातले पांढरे फूल

एका राज्यात राणी होती, प्रजा होती, पण राणीशी बोलायला कोणी नव्हते. राणी हेमावतीने काळभद्र जादूगाराला दरबारातून हाकलले, त्याचा डूख धरून त्याने अख्ख्या नगराचे दगड केले. उंबऱ्यावर खेळणारी राजकन्या इंदुलेखाही दगड झाली. एकट्या राणीला त्याने मुद्दाम सोडले.

"ज्याला पांढऱ्या वालाचे फूल लावशील तो उठेल," तो म्हणाला, आणि राज्यातला सारा पांढरा वाल त्याने जाळला. शेवटच्या वेलाच्या फुलात मात्र आधी जांभळ्या वालाचे पराग घातले, अन् त्या फुलाची शेंग राणीपुढे टाकली. "पेर!"

राणीने पेरली. रोज ती वेलांना पाणी घाली, लेकीचे दगडी केस पुशी. "भूक लागली का, बाळ?" असे विचारी, आणि "नाही, आई," असे उत्तरही आपणच देई. फार एकटी पडली होती बिचारी.

वेल फुलले. सगळे जांभळे! राणी रडत ते उपटायला धावली.

तोच कुंपणावरची साळुंकी म्हणाली, "थांब, राणी. दाण्यात दोन वाटे असतात, एक आईचा, एक बापाचा. जांभळा दांडगा. तो शेजारी असला की पांढरा गप्प बसतो. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तीन कामे कर. कळ्या कापडाने झाक, परके पराग येऊ देऊ नकोस. या वेलांचेच दाणे पेर. तिसरे मग सांगेन."

राणीने तसे केले. पण एकटी बाई पाणी किती वाहणार? चारच वेल जगले. तीन जांभळे, एक पांढरा! उन्हाने जांभळे करपले, पांढऱ्याला एकच फूल राहिले.

"तिसरे काम," साळुंकी म्हणाली, "हे तोडू नकोस. तोडलेस तर लेक उठेल, नगर नाही. ठेवलेस तर शेंग धरेल. तिच्या दाण्यांत दोन्ही वाटे पांढरेच."

राणीने फुलाला हात लावला, लेकीकडे पाहिले, आणि हात मागे घेतला. तो हंगाम तिला युगासारखा गेला.

मग तिने त्या शेंगेचे दाणे पेरले, आणि अख्खा मांडव पांढरा फुलला. ते पाहून काळभद्र सीमेपार पळाला. राणी टोपली घेऊन दारोदार फिरली, लेकीकडे मात्र सर्वांत शेवटी आली. फुलाचा गुण आला नाही तर ते आधी लेकीच्या बाबतीत कळायला नको, अशी तिला भीती होती. नगर बोलू लागले तेव्हा कुठे तिने लेकीच्या गालाला फूल लावले.

"भूक लागली का, बाळ?" राणीने विचारले, आणि सवयीने आपणच म्हणाली, "नाही, आई."

"लागली की!" इंदुलेखा म्हणाली.