तिसरा आवा

करंजवण्याच्या कुंभारआळीत गोजराबाईची एकच तक्रार होती, सून रडत रडत मडकी घडवते. काम करायचं की गावाला रडगाणं ऐकवायचं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी. सून हौसा गावाबाहेर धुनीनाथ महाराजांच्या मठीत रोज दिवा लावी, त्यावरही तिचा राग.

रडायला कारण होतं. देवीचे नवरात्राचे घट याच घरचे, सात पिढ्यांचा मान. नवरा गेल्यापासून घडवणारे हात एकट्या हौसाचे, आणि यंदा मडकी भाजायचे दोन आवे वाया गेले होते. आवा पुरता निवायच्या आत उघडला की वारा लागून भांडी तडकतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पण सासू पहाटेपासून विचारत राही, काय निघालं, भेगाच ना? मग हौसाला राहवत नसे. ती राख सारून बघे. आता तिसरा आवा लागला होता, घटस्थापना परवावर आलेली, आणि यातलेही घट फुटले तर ते परगावाहून आणायचे असं पंचांनी ठरवलेलं. हौसा ताट तसंच सारून उठे. विहिरीवर गेली की ती फार वेळ आत बघत उभी राही.

शेवटी ती मठीत जाऊन महाराजांच्या पायांशी पडली. महाराज म्हणाले, "बाई, घट अजून आव्यात आहेत आणि तू त्यांचं सुतक आजच धरलंस. चल, मी येतो."

महाराज आव्याशेजारी बसले. एका श्वासाला एक नाम घे, आवा त्याच्या वेळेनं निवेल, असं त्यांनी तिला सांगितलं. हौसा डोळे मिटून नाम घेऊ लागली. गोजराबाईला ते बघवेना. नामानं मडकी भाजत असती तर आम्ही लाकडं कशाला फोडली, म्हणत तिनं काठीनं राखेचा थर ओढलाच. वारा आत शिरला. तड् असा आवाज झाला.

हौसा उठली आणि विहिरीच्या वाटेला लागली. महाराजांनी वारा शिरताच आव्याच्या उघड्या तोंडावर दोन्ही तळहात ठेवले होते. "बाई, नाम अर्ध्यात टाकून जाऊ नकोस," एवढंच म्हणाले. ती परत येऊन बसली. आशा म्हणून नव्हे, महाराज बसले होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी आवा निवला. एकेक घट काढून वाजवून पाहिला, सगळे अखंड! मग तडकलं ते काय? शोधता शोधता गोजराबाईची नजर महाराजांच्या तळहातांवर गेली. तापल्या मडक्याला जाते तशी लांब भेग दोन्ही हातांवर गेली होती.

तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराज म्हणाले, "मला नको, माई. तिला सांगा."

जन्मात कुणापुढं नमतं न घेतलेल्या त्या बाईला शब्द जड गेले.

"हौसे, मान जाईल म्हणून माझाच जीव थाऱ्यावर नव्हता, आणि टोचत राहिले तुला. ते दोन आवे तू नाही फोडलेस, मी फोडले. यापुढं आवा कधी उघडायचा ते तू सांगायचंस, आणि मी गप बसायचं."