क्लॅथ्रिनची टोपली

फार मागे एका पेशीत क्लॅथ्रिन नावाचं तीन पायांचं प्रथिन राहत होतं. बाहेर लोह आलं की भाऊबंदांसह टोपली विणून ते त्याला आत आणी आणि मोठ्या तोऱ्यात मिरवी. मात्र पेशीच्या आवरणावर त्याचा पायच ठरत नसे. आधी दुवा नावाचं प्रथिन आवरणाला बिलगे आणि मग क्लॅथ्रिन दुव्याला धरी.

एकदा क्लॅथ्रिन गरजलं, "दुव्या, हो बाजूला! टोपली आमची, मान तुला कशाला?"

"बरं, क्लॅथ्रिनराव," म्हणत दुवा सरकला.

भाऊबंदांनी पेशीच्या मधोमधच देखणी, गोल टोपली विणली. आवरण लांबच राहिलं. ताटकळलेलं लोह निघून गेलं.

"अरे, लोह कुठंय?" भुकेली पेशी कण्हली.

"लोहाचं राहू द्या," क्लॅथ्रिन फुशारकीनं म्हणालं, "आधी वीण बघा! एक गाठ चुकली असेल तर सांगा."