ओहोटीची नक्षी

समुद्र आजच्याहून पुष्कळ तरुण होता, तेव्हाची ही गोष्ट. ओहोटी लागली की गोदाक्का कुर्ली पिल्लांना वाळूच्या गोळ्यांची नक्षी शिकवायची. आधी ती स्वतः आठ पाकळ्यांचं फूल मांडायची, मग पिल्लं तस्संच मांडायची. कुणाची गोळी इकडेतिकडे गेली, की ती आपल्या नांगीने सरळ करायची.

एके दिवशी ठिपकी नावाच्या पिल्लाने फूल मांडलंच नाही. तिच्या गोळ्या वेड्यावाकड्या ओळींनी दूरवर पसरल्या होत्या. त्या मोडायला गोदाक्काने नांगी उचलली.

"अक्का, थांबा ना," ठिपकी काकुळतीने म्हणाली. "पाणी परत जाताना असंच वळतं. मी सकाळपासून बघतेय."

गोदाक्काने समुद्राकडे पाहिलं. ओसरणारं पाणी खडकापाशी दुभंगत होतं, वळसा घालून पुन्हा एक होत होतं. तीच वळणं वाळूवर उमटली होती. सारा जन्म किनाऱ्यावर काढूनही तिला ती कधी दिसली नव्हती. नांगी खाली घ्यायचंही तिला भान राहिलं नाही.

"बाळा," ती अखेर हळूच म्हणाली, "हे कसं मांडलंस, मला शिकव."

दुसऱ्या दिवशी गोदाक्काने फूल मांडलं नाही. "आधी काहीतरी नीट बघून या," असं म्हणून ती पिल्लांच्या मागोमाग स्वतःही निघाली.