मानाची किल्ली

एकदा एका वृद्ध गुरूंकडे एक शिष्य विद्या शिकत होता. विद्या म्हणजे मंत्र किंवा धनुर्विद्या नव्हे. काळ आपलाच होता आणि विद्या होती वेबसाइट उभारण्याची. गुरूंनी आयुष्यभर संगणक शिकवला होता आणि निवृत्तीनंतरही ती सवय त्यांना सुटली नव्हती. शिष्याचे नाव उन्मेष. हात चलाख, बुद्धी तल्लख, आणि त्या वयात असते तेवढी घाई.

त्यांच्या नगरात स्त्रियांसाठी एक निवारा होता. मारहाण सोसून, शेवटी जिवाच्या भीतीने घर सोडून आलेल्या बायका मुलाबाळांसह तिथे राहत. हे घर कोणत्या गल्लीत आहे ते बाहेर कुणालाही कळू द्यायचे नाही, हा तिथला पहिला नियम होता. निवाऱ्याची वेबसाइट करायचे ठरले, ते एवढ्याचसाठी की अडचणीत सापडलेल्या बाईला एक फोन नंबर मिळावा. गुरूंनी ते काम उन्मेषवर सोपवले.

नव्या वेबसाइटची आधी घडी बसवावी लागते. तिचे नाव काय, सूचना कुणाला जायच्या, आणि मुख्य म्हणजे कुणाला काय करता येईल, हे सगळे ठरवावे लागते. कुणी फक्त वाचतो. कुणी मजकूर लिहून तपासणीसाठी ठेवतो. ज्याला ॲडमिन म्हणतात, त्याला मात्र सगळेच करता येते. हवे ते लावावे, हवे ते पुसावे, कुणाला विचारायची गरज नाही. गुरूंनी बजावले होते की रंग आणि चित्रे मागाहून, आधी ही व्यवस्था शांतपणे लाव. उन्मेषला ते काम रटाळ वाटले. रंगांत त्याचा जीव अधिक रमत होता.

पुढे निवाऱ्याच्या विश्वस्तांची बैठक भरली. गुरूंचे तेव्हा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, त्यामुळे उन्मेष एकटाच गेला. विश्वस्तांची नावे वाचक म्हणून घालतो, असे त्याने सांगताच वातावरण बिघडले. आपल्याकडे मानपान हा प्रकार लग्नमंडपातच राहतो अशी कुणाची समजूत असेल तर त्याने एकदा विश्वस्त मंडळाच्या बैठकीला जाऊन बसावे. अध्यक्षांनी चष्मा काढून विनाकारण पुसायला घेतला. मधुकरशेठ म्हणून कापडाचे एक व्यापारी होते, मनाने दिलदार, निवाऱ्यासाठी कायम धावून येणारे. इमारत उभी करताना आम्ही विश्वस्त आणि कॉम्प्युटरमध्ये नुसते वाचक का, असे त्यांनी हसत हसत विचारले. हसणे वरवरचे होते. एकाला ॲडमिन करावे तर दुसऱ्याला वाईट वाटणार. उन्मेषने मग सगळ्यांनाच ॲडमिन करून टाकले. नाराजी मिटली, चहा आला आणि बैठक आनंदात पार पडली. घरी येऊन त्याने आदरापोटी गुरूंचेही नाव त्यात घातले. आपण किती शहाणपणाने प्रसंग निभावला, असेच त्याला वाटत होते.

वेबसाइट सुरू झाली. थोड्या दिवसांनी, भर दुपारी, काहीतरी किरकोळ दुरुस्ती करायला उन्मेषने ती उघडली. सर्वांत वर एक मोठा फोटो होता. मधुकरशेठांनी साठीनिमित्त निवाऱ्यात साड्यांचे वाटप केले होते आणि त्याचा फोटो हौसेने स्वतःच लावला होता. असे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. देणाऱ्याचा हात साडीवर, घेणारीचाही हात साडीवर, आणि दोघांनी मान वळवून कॅमेऱ्याकडे बघायचे. घेणारी उज्ज्वला होती. ती दूरच्या जिल्ह्यातून मुलीला घेऊन आली होती. तिचा नवरा तिच्या भावाच्या, बहिणीच्या, मैत्रिणींच्या घरी जाऊन धमकावून आला होता. दिसेल तिथे तिला संपवीन, असे तो उघड बोलत होता. फोटो काढताना ती नको म्हणाली असणार. पण ज्याच्या छपराखाली राहतो त्या माणसाला किती वेळा नको म्हणणार?

शेठांनी पत्ता लिहिला नव्हता. तेवढी काळजी त्यांनी घेतली होती. परंतु उज्ज्वलाच्या मागे फाटक उघडे होते आणि फाटकापलीकडे पिठाच्या गिरणीची पाटी दिसत होती. पाटीवर गिरणीचे नाव होते, चौकाचे नाव होते, गावाचेही होते. फोटो लागून एक दिवस उलटला होता. खाली शुभेच्छांची रांग लागली होती.

उन्मेषने फोटो पुसला. पुसल्यावर भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. ज्याने पाहिला असेल त्याच्या डोळ्यांतून तो कसा पुसणार? तो धावत गुरूंकडे गेला. गुरूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि निवारा सांभाळणाऱ्या अक्कांना फोन लावायला सांगितले. पलीकडून अक्का अगदी हळू बोलत होत्या. सकाळी गिरणीत एक अनोळखी माणूस येऊन गेला होता. इथे जवळपास बायकांचा आश्रम आहे का, असे विचारत होता. गिरणीवाल्याने माहीत नाही म्हणून सांगितले. तो माणूस कोण, कशाला आला, काही कळायला मार्ग नव्हता. अक्का म्हणाल्या, आता काय करायचे ते आम्ही आणि पोलीस बघतो, तुम्ही पुन्हा फोन करू नका.

नंतर अक्कांनीच कळवले. उज्ज्वला मुलीला घेऊन पडदे सोडलेल्या रिक्षातून निघून गेली होती. मुलीला वर्गातून उठवून आणले होते. या शाळेत ती नुकतीच कुठे बोलायला लागली होती.

उन्मेष भिंतीला टेकून बसला. गुरू काळा चष्मा लावून संगणकासमोर बसले आणि ॲडमिनच्या यादीतून एकेक नाव काढू लागले. पहिले नाव त्यांनी स्वतःचे काढले. मग अध्यक्षांचे, मधुकरशेठांचे, एकेक करत सगळ्या विश्वस्तांचे. अक्कांचे नाव घातले. अखेर उन्मेषच्या नावापाशी ते थांबले आणि त्याला हात न लावता त्यांनी ते पान बंद केले.

उन्मेषला हे समजेना. तो म्हणाला, "गुरुजी, चूक माझी आहे. तुम्ही स्वतःचं नाव काढलंत आणि माझं ठेवलंत?"

गुरूंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाले, "उन्मेष, तुला वाटलं तू सगळ्यांना मान दिलास. प्रत्यक्षात तू त्या बायकांच्या दाराची किल्ली वाटलीस. मान मिळाला की माणूस खूश होतो. किल्ली हातात आली की त्याला भीती वाटायला हवी. मधुकरशेठ वाईट नाहीत. त्यांना भीती वाटली नाही, कारण ती कशाची बाळगायची हे आपण त्यांना सांगितलंच नाही. मला अजून नीट दिसत नाही, माझं बोट कधी भलत्या जागी पडेल सांगता येत नाही, म्हणून माझं नाव काढलं. तुझे हात आज थरथरताहेत. बैठकीत ते थरथरत नव्हते. आता कुणी रुसलं तरी तू ही किल्ली सहज कुणाला देणार नाहीस."

तेवढ्यात मधुकरशेठांचा फोन आला. त्यांना वेबसाइटवर काही बदल करता येत नव्हता, फोटोही दिसत नव्हता, आणि समोर पाहुणे बसले होते. आवाज दुखावलेला होता. उन्मेषने गुरूंकडे पाहिले. गुरूंनी मान फिरवली. याचे उत्तर त्यालाच द्यायचे होते.

"शेठ, तुमचं नाव काढलंय आणि ते परत घालणार नाही," उन्मेष म्हणाला. "फोटोत गिरणीची पाटी दिसत होती. त्या बाईचा नवरा तिच्या जिवावर उठलाय. आज ती मुलीला घेऊन निघून गेली."

पलीकडे दुकानातली गडबड ऐकू येत होती. शेठ पाहुण्यांपासून बाजूला गेले असावेत, ती कमी झाली. मग त्यांनी विचारले, "सुखरूप पोचली का ती?"

"माहीत नाही," उन्मेष म्हणाला. "आणि आता ते आपल्याला कधी कळणारही नाही. कळता कामा नये."

शेठांनी फोन ठेवला नाही, आणि उन्मेषनेही नाही.

आपण कुणाकुणाला केवळ वाईट वाटू नये म्हणून किल्ली देऊन ठेवली आहे, आणि त्या दाराआड कोण राहते, हे ज्याने त्याने आज आठवून पाहावे.