चार साक्षीदार आणि एक ठोका

डोंगराच्या उतारावर वसलेल्या एका गावात निवृत्ती नावाचा मोटार-मिस्त्री राहत असे. त्याचा हात कुशल होता आणि गावाचा त्याच्यावर विश्वास होता. त्याच्या गॅरेजची एक रीत होती. गाडी ‘ट्रायल’ला निघाली की शेजारचा पंक्चरवाला, पलीकडचा वेल्डर आणि समोरचा पानवाला हातातले काम टाकून तिच्यात बसत. पुलापर्यंत जायचे, तिथल्या टपरीवर चहा घ्यायचा आणि परत यायचे. गाडी ठीक आहे की नाही, याचा निर्णय परतीच्या वाटेवर चौघे मिळून देत. त्या निर्णयाला कोणी कधी आव्हान दिले नव्हते.

त्याच गावात हेमलता नावाची जनावरांची डॉक्टर होती. सारे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. वीस वर्षे जुन्या मोटारीतून ती एकटी वाड्यावस्त्यांवर हिंडे. अडलेल्या गाईचे वासरू ती आपल्या उजव्या हाताने फिरवून बाहेर काढी. आसपासच्या दहा गावांत हे काम जाणणारे दुसरे कोणी नव्हते.

एका सकाळी ती गॅरेजात आली.

“मिस्त्री, मागून ठोका ऐकू येतो. खडखड नव्हे, एकच ठोका. उजवं वळण, उतार आणि ब्रेक, हे तिन्ही एकदम आलं की. पण दर वेळी नाही.”

तिने एक कागद पुढे केला. ठोका अकरा वेळा ऐकू आला होता. प्रत्येक वेळची तारीख, जागा आणि परिस्थिती तिने रकाने आखून लिहिली होती. निवृत्तीने कागद न वाचताच गाडीच्या कप्प्यात टाकला. चौघे ट्रायलला गेले. उतार झाला, वळणे झाली, चहा झाला. ठोका वाजला नाही.

“डॉक्टरीणबाई, दिवसभर म्हशींचं रेकणं ऐकता,” पंक्चरवाला म्हणाला. “एकदा स्वतःचे कान तपासून घ्या.”

ती हसली नाही. “लंगडणारा बैल भोवती चार माणसं जमली की सरळ उभा राहतो. मी आधी गोठा रिकामा करते, मग बघते. तुम्हीही एकदा एकट्यानं चालवून बघा.”

“म्हणजे आम्ही चौघं बहिरे?” वेल्डरने विचारले.

‘मला दोष सापडला नाही’ आणि ‘दोष नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले निवृत्तीला प्रामाणिकपणे करता आले असते. परंतु तिघे त्याच्याकडे पाहत होते. “गाडीत काही नाही,” तो म्हणाला.

ती पुन्हा आली. पुन्हा चौघे बसले आणि पुन्हा ठोका वाजला नाही. गावाला करमणूक मिळाली. ती रस्त्याने जाऊ लागली की पानवाला चुन्याच्या डबीवर अडकित्ता आपटून विचारी, “हा ऐकू आला का, डॉक्टरीणबाई?” काही दिवसांनी ती लांबच्या रस्त्याने जाऊ लागली.

तिसऱ्यांदा तिने गाडी आणून ठेवली, त्या दिवशी ते तिघेही एका लग्नाला गेले होते. निवृत्तीने गाडी वरवर पाहिली आणि दुपारी ती पोहोचवायला तो एकटाच निघाला. तिच्या घराआधीच्या उतारावर, उजव्या वळणावर, त्याने ब्रेक दाबला. मागे ठक् असा आवाज झाला.

त्याने गाडी मागे नेली आणि तेच वळण पुन्हा घेतले. ठक्.

तेव्हा कुठे त्याने कप्प्यातला कागद काढून वाचला. शेवटच्या रकान्यात अकराही वेळा एकच नोंद होती: ‘गाडीत मी एकटी.’

त्याला सारे उलगडले. मागच्या चाकांना जोडणारा दांडा स्प्रिंगच्या कमानपाट्यांशी आवळून धरणारे बोल्ट सैल झाले होते. गाडीत चार माणसे बसली की त्यांच्या वजनाने दांडा दबून बसे आणि गप्प राही. गाडी हलकी असली की तो सरके आणि आपटे. ठोका ऐकायला गेलेल्या माणसांनीच तो दाबून ठेवला होता. काम अर्ध्या तासाचे होते.

डॉक्टरीणबाईच्या अंगणात दोघे जण शेळ्या घेऊन बसले होते. पानवाल्याची थट्टा त्यांनीही ऐकलेली होती. ती फाटकापाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आला का?”

निवृत्तीने मनाशी हिशेब केला. पुढच्या आठवड्यात ऑइल बदलायला गाडी मागवून घेऊ. बोल्ट गुपचूप आवळून टाकू. कोणाला कळणार नाही आणि कोणाचे काही बिघडणारही नाही.

“नाही.”

“आला असेल तर सांगा, मिस्त्री. मला बरंच वाटेल.”

“नाही आला, बाई.”

तिने त्याच्याकडून गाडीची किल्ली घेतली. “मग माझंच ऐकणं चुकतंय,” ती म्हणाली.

पूर्वी ठोका ऐकू आला की ती वेग कमी करीत असे. आता तो आपल्या कानांचा दोष समजून तिने त्याकडे लक्ष न देण्याची सवय लावून घेतली. ऑइल बदलण्याचा निरोप गेला, तेव्हा कामे फार आहेत, पंधरा दिवसांनी आणते, असे तिने कळवले. निवृत्तीने दुसरा निरोप पाठवला नाही.

त्या निरोपानंतर नवव्या दिवशी दूरच्या वस्तीवर एक गाय अडली. डॉक्टरीणबाई घाईने निघाली. उतारावरच्या उजव्या वळणावर दांडा जागचा सुटला. गाडी रस्ता सोडून दगडी बांधावर उलटली. ती वाचली. तिचा उजवा हात मात्र कोपराच्या वर कापावा लागला. तिकडे वस्तीवर गाय वासरू पोटात घेऊनच मेली.

चौघे तिला भेटायला इस्पितळात गेले. “आम्ही सगळ्यांनी बसून तपासली होती,” वेल्डर म्हणाला. “नशीब एकेकाचं.”

ती निवृत्तीकडे वळली. “मिस्त्री, उलटण्याआधी ठोका ऐकू आला होता. मी थांबले नाही, कारण तो नसतो हे मला माहीत होतं. मग माझं नेमकं काय चुकलं?”

तिघे त्याच्याकडे पाहत होते.

“वेग जास्त झाला असेल,” निवृत्ती म्हणाला.

“असेल,” ती म्हणाली.

घरी परतल्यावर विचारणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगे, की वेग माझाच जास्त होता. हात नसला तरी तिचे ज्ञान शाबूत आहे, अशा भरवशाने एक शेतकरी आपली आजारी गाय दाखवायला आला. तिने डाव्या हाताने गाईच्या कुशीला स्पर्श केला, कान लावला, बराच वेळ ऐकले.

“काय वाटतं, डॉक्टरीणबाई?”

“मला काय वाटतं त्यावर जाऊ नका,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.”

तात्पर्य: एकदा तोंडातून गेलेला आपला शब्द राखण्यासाठी जो दुसऱ्याचे खरे ऐकणे खोटे ठरवतो, तो त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास हिरावून घेतो, आणि तो परत करणे कोणत्याही कारागिराच्या हाती नसते.