उपाशी गोधडी

एक होता राजा. राजा कसला, नुसती घाई! भात निवायची वाट बघायचा नाही, रोज जीभ भाजून घ्यायचा. आंघोळ करायचा, तर एक कान कोरडाच. हसू नकोस दिगू, तुझे दोन्ही कान बघितलेत मी आज.

त्या राजाला एकच लेक. इवलीशी चिमी. राजाचा जीव की प्राण. थंडी पडली आणि चिमी लागली शिंकायला. आक्छी, आक्छी, आक्छी! राणी म्हणाली, "अहो, शाल नको नि दुलई नको. पोरीला गोधडी हवी. मऊ, जुन्या कपड्यांची."

त्याच गावात येसू नावाची बाई राहायची. ती चिंध्या गोळा करायची आणि ओट्यावर पसरून बसायची. हा तुकडा इथं, नाही, तिथंच बरा. मग हळदी दोरा, डाळिंबी दोरा, मोरपंखी दोरा. एक टाका घालायची, जरा बघायची, गालातल्या गालात हसायची. मग दुसरा. बायका म्हणायच्या, "येसूची गोधडी पुरी होईस्तोवर बाळाला मिशा फुटतील!" म्हणेनात का! येसू आपली टाका घालतेय.

राजा धावतच तिच्या ओट्यावर आला. एका पायात मोजडी, दुसरा पाय अनवाणी.

"येसू, उद्या गोधडी पाहिजे."

"उद्या? तीन पुनवा लागतील, महाराज."

"एवढा वेळ करतेस तरी काय?"

"टाका घालते. बघते. बरं वाटतं. मग दुसरा घालते."

झालं! राजाच्या नाकावर राग. तडक परत गेला, वीस शिंपी बसवले, आणि दिवस मावळायच्या आत गोधडी तयार. टाके मात्र एवढाले, की मधून मांजर निघून जावं. आणि एक गोष्ट राहिलीच. गोधडी पुरी होत आली की तिच्या पोटात भाकरीचा एक घास ठेवतात, बरं का, आणि मग शेवटचा टाका घालतात. गोधडी उपाशी ठेवू नये. पण वीस जणांत एकालाही आठवलं नाही. राजा डोक्यावर बसलेला, आठवणार कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी राजानं गोधडी पलंगावर टाकली. वर मोजडी ठेवली. बघतो तर मोजडी नाही! गोधडीनं गिळली. मग पागोटं ठेवलं. तेही गडप. राजा म्हणाला, "असेल इथंच कुठं." शोधायला वेळ कुणाला?

मग चिमी दुडुदुडु आली, गोधडीवर आडवी झाली, आणि...

कुंदे, पाय आत घे आधी. हं. आणि चिमीच गडप!

मग काय विचारता! राणी रडायला लागली. राजा ओरडायला लागला. वीस शिंपी धावले, वीस बाजूंनी ओढायला लागले. ओढावं तशी गोधडी टाके आवळून घ्यायची. एक जण कात्री घेऊन आला. राणीनं त्याचा हात धरला. "लेकीला लागली तर?" राजा मटकन खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काय करावं ते सुचेना. शेवटी म्हणाला, "येसूला बोलवा."

येसू आली. सावकाश आली. गोधडीजवळ मांडी घातली, तिच्यावरून हात फिरवला. "घाबरलीय बिचारी. एक टाका उसवायचा, की त्या जागी एक चांगला घालायचा. मगच सैल सोडेल ही. महाराज, सुई ओवा."

"मी?"

"मग कोण? चिमी कुणाची?"

राजानं सुई घेतली. पहिल्यांदा घाईनं दोऱ्याचं भलतंच टोक चोखलं. दुसऱ्यांदा बोटात सुई टोचली. "आई गं!" तिसऱ्यांदा मात्र एक डोळा मिटला, श्वास धरला, आणि हळू... हळू... दोरा गेला सुईतून!

राजा गप्प, म्हणून सगळे गप्प. सारा राजवाडा चिडीचूप. तेव्हा कुठं आतून बारीकसा आवाज ऐकू आला. केव्हापासून येत होता, देव जाणे. चिमी म्हणत होती, "बाबा, हिला भूक लागलीय."

येसूनं शिंप्यांकडे बघितलं. "पोटात घास घातला होता?" वीस माना खाली.

येसूनं पदराची गाठ सोडली. आत होती ज्वारीची भाकरी. राजानं तुकडा मोडला. येसूनं एक टाका उसवला, राजानं हळूच आत घास सरकवला आणि म्हणाला, "खा बाई. चुकलंच माझं."

गोधडीनं दिली ढेकर! टाके झाले सैल आणि चिमी बाहेर. डोक्यावर बापाचं पागोटं, हातात मोजडी. राजानं तिला असं पोटाशी धरलं, की काही विचारू नका. मग म्हणाला, "येसू, हे एवढाले टाके एकेक उसवून मी नीट घालू?"

तीन पुनवा लागल्या, बरं का. प्रधान दाराशी ताटकळायचा, आणि राजा मोरपंखी दोऱ्यानं फूल काढत बसलेला. फूल कसलं, पालच दिसायची! पण टाका घालायचा, बघायचा, हसायचा. चिमीची शिंक पळाली, ती पळालीच. आणि राजा भातसुद्धा फुंकर घालून खायला लागला.

आता तुमची ही गोधडी. मधोमध चाचपून बघा बरं. लागतंय ना काहीतरी बारीक, टणक? माझ्या हातचा घास आहे तो. पोट भरलंय हिचं, ही कुणाला गिळायची नाही. नुसती ऊब देईल. मिटा डोळे.