पडद्याकडे पाठ

एकदा एका चित्रपटविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा जिवलग मित्र वारला, आणि विद्यार्थ्याने त्या मित्राच्या आईला एक वचन दिले. मित्राचे नाव दिगंबर. तो त्याच आवारात संगीत शिकत होता आणि दोघे वसतिगृहाच्या एका खोलीत राहत. पावसाळ्यात दिगंबरला ताप आला, घरी कळवेपर्यंत तो वाढला, आणि बघता बघता होत्याचे नव्हते झाले.

मागे उरले होते एक गाणे. शब्द दिगंबरचे, चाल दिगंबरची. आदल्या दिवाळीत गावी गेला असता घरात बसल्या बसल्या त्याने ते फोनमध्ये गाऊन ठेवले होते. विद्यार्थी तेराव्याला गेला, तेव्हा आईने तो फोन त्याच्या हातात ठेवला.

"ह्यात त्याचं गाणं हाय," ती म्हणाली. "मला लावाया येत न्हाई. तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

तिला नवरा नव्हता, दुसरे मूल नव्हते. गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवून तिने मुलाला वाढवले होते. विद्यार्थ्याला भडभडून आले आणि तो बोलून गेला, "काकू, शेवटच्या वर्षी आम्हाला एका गाण्याचं चित्रण करावं लागतं. मी दिगूचंच गाणं घेईन. तुम्हाला तो पडद्यावर दिसेल."

आईने डोळे पुसले. "दिसंल?" तिने विचारले. "दिसेल," तो म्हणाला. दुःखात बुडालेल्या माणसाला वचन देताना शब्द मोजून द्यावेत, हे त्या वयात कुणाला सुचते? तिने मात्र तो शब्द जसाच्या तसा धरून ठेवला.

विद्यार्थी कामाला लागला. तो मोठा व्यासंगी होता. जगभरचे चित्रपट त्याने पाहिले होते, आणि पाहिलेले विसरत नसे. आपल्या मित्राच्या गाण्याला साधेसुधे काही शोभणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने खोलीच्या भिंतीवर निरनिराळ्या चित्रपटांतली दृश्ये छापून चिकटवली. एकात धुक्यातून येणारा पांढरा घोडा होता, एकात तळ्याच्या पाण्यात अर्धी बुडालेली खुर्ची. कुठे माळावर पळणारी लाल साडीतली स्त्री, कुठे जळणारा पियानो. दिगंबरची खाट त्या भिंतीला लागून होती. बघता बघता खाटेवरची सगळी भिंत भरून गेली.

विद्यालयात छायालेखन शिकवणारे एक वृद्ध अध्यापक होते. बोलणे मोजके, चालणे हळू, आणि दृष्टी अशी की शंभर पावलांवरून सांगत, दिवा अंमळ डावीकडे झुकला आहे. विद्यार्थी त्यांना मोठ्या उत्साहाने भिंत दाखवायला घेऊन आला. सरांनी चष्मा लावून एकेक चित्र पाहिले. मग त्यांनी विचारले, "दिगंबरची आई काय करते?"

"शिवणकाम करतात, सर."

"बरं," सर म्हणाले, आणि थोडा वेळ खाटेच्या कडेवर बसून निघून गेले. विद्यार्थ्याला वाटले, म्हातारपणामुळे त्यांचे लक्ष लागत नाही.

चित्रणाचा दिवस उजाडला. पांढरा घोडा म्हणून जो आला, तो लग्नाच्या वरातीचा. अंगावरचा साज उतरवला, तरी आयाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या होत्या. धूर सोडला, कॅमेरा सुरू झाला, आणि घोडा काही केल्या पाऊल उचलेना. घोडेवाला ओशाळून म्हणाला, "साहेब, ह्याला बँड लागतो. वाजल्याबिगर ह्यो चालत न्हाई." शेवटी कुणीतरी फोनवर बँड लावला आणि घोडा धुक्यातून ठुमकत, मान डोलवत आला. सगळे खो खो हसले. विद्यार्थ्याने तेवढे ठुमकणे संथ गतीने लपवले. खुर्ची तळ्यात तरंगायलाच लागली, म्हणून तिला दगड बांधले. पियानो मिळेना, नाट्यशाखेतली जुनी पेटी जाळायचे ठरले. पेटी जळताना दिगंबरच्या वर्गातली एक मुलगी रडू लागली, कारण दिगंबर त्याच पेटीवर सराव करत असे. विद्यार्थ्याने तिचे रडणे चित्रित केले नाही. भिंतीवरच्या चित्रात कुणी रडत नव्हते.

मग गाण्याकडे लक्ष गेले. फोनवरचे ध्वनिमुद्रण ते, कच्चेच असणार. दिगंबरच्या आवाजाखाली सबंध गाणेभर कसलीशी खडखड होती, मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. असे ध्वनिमुद्रण स्वच्छ करून घेणे हा त्यांच्या शिक्षणाचा पहिला धडाच होता. ध्वनिविभागातल्या मित्राने चार दिवस बसून ती खडखड अशी निपटून काढली की दिगंबर जणू एखाद्या रिकाम्या देवळात गातो आहे असे वाटावे. स्वच्छ झालेले गाणे विद्यार्थ्याने संगणकावर जुन्याच्या जागी साठवले. कचरा कोण जपून ठेवतो? पुढे त्या फोनची बॅटरी फुगली आणि तो कायमचा बंद पडला.

परीक्षेचे प्रदर्शन ठरले, तेव्हा सर म्हणाले, "त्याच्या आईला बोलाव." विद्यार्थी बोलावणारच होता. ती आली. ठेवणीतली साडी नेसून, डब्यात लाडू घेऊन. तिला पहिल्या रांगेत मध्यभागी बसवले. परीक्षक बसले, वर्ग बसला. दिवे मालवणार इतक्यात सर उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, पडद्याखाली नेली, फिरवली, आणि पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून बसले.

मागच्या रांगेत खसखस पिकली. विद्यार्थ्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वर्षभर ज्यांच्या एका शब्दासाठी राबलो, त्यांनी आपल्या कामाकडे पाठ फिरवावी, आणि तीही सर्वांदेखत! गाणे सुरू झाले, घोडा आला, खुर्ची बुडाली, पेटी जळाली. सर ढिम्म हलले नाहीत. दिवे लागले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकांनी कुठल्या दृश्यावर कुठल्या चित्रपटाची छाया आहे ते ओळखून दाखवले आणि एकमेकांकडे पाहून समाधानाने माना डोलावल्या. सर्वोत्तम चित्रणाचा मान विद्यार्थ्यालाच मिळाला.

तो आईला एसटी स्टँडवर सोडायला गेला. फलाटाच्या बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "लई मोठं काम केलंस बाबा. सगळी टाळ्या वाजवत हुती."

"तुम्हाला आवडलं ना, काकू?"

ती हातातल्या रिकाम्या डब्याचे झाकण उघडत-लावत राहिली. "त्यो घोडा कुनाचा रं?" तिने विचारले. मग, "आन् माझी मशीन कुठं गेली?"

"कसली मशीन?"

"त्यो गात हुता तवा मी शिवत हुते न्हवं का. मी म्हनलं थांबवते, तुझ्या गान्यात आवाज यील. तर म्हनला, न्हाई आई, तू चालीव, मी तुझ्या मशीनीवरच म्हनतोय. मी कापड फिरवाया थांबले की त्यो बी थांबायचा." ती क्षीण हसली. "आज त्यो उगंच मधी मधी थांबत हुता. कुनासाठी थांबतोय त्ये कळंना."

गाडी लागली. आईने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि ती चढून बसली. विद्यार्थी स्टँडवर तसाच उभा राहिला. गाडी गेली, फलाटावर दुसरी लागली, तिचेही लोक चढले.

तो परत आला तो थेट सरांच्या खोलीवर. राग होता, लाज होती, आणि कुठले कुणावर काढावे ते समजत नव्हते. "सर, तुम्ही माझं काम पाहिलंदेखील नाही," तो म्हणाला. "एवढं वाईट होतं का ते?"

सर शांतपणे म्हणाले, "बस. वाईट नव्हतं. पण पडद्यावर जे जे येणार होतं, ते सगळं मी तुझ्या भिंतीवर पाहिलं होतं, आणि भिंतीवर येण्याआधीही पाहिलं होतं. त्या दालनात मी कधी न पाहिलेली एकच गोष्ट होती, त्या बाईंचा चेहरा. आयुष्यभर जे पाहिलं नाही तिकडे पाहायची सवय लागली आहे. म्हणून खुर्ची फिरवली."

विद्यार्थी खुर्चीच्या कडेवर बसला.

"सांगू काय पाहिलं? गाणं सुरू झालं तशी त्यांची मान वर झाली, आणि त्यांचा पाय हलायला लागला. टाच, चवडा, टाच, चवडा. दोन ओळी हलला असेल. मग थांबला. पुन्हा हलून पाहिला, पुन्हा थांबला. काहीतरी शोधत होता, ते सापडत नव्हतं. त्यानंतर त्या बाई पडद्याकडे पाहत होत्या, पण परक्या घरच्या लग्नात बसल्यासारख्या. अरे, दुसऱ्यांपासून घ्यावं, खुशाल घ्यावं. शेजारचा दिवा मागून आणण्यात काय कमीपणा आहे? पण तो आणायचा आपल्या घरात काय पडलंय ते बघायला. तू घरोघरचे दिवे आणलेस, ते किती छान जळतात ते पाहत बसलास, आणि घरात कोण बसलं होतं तिकडे तुझं लक्ष गेलं नाही."

"सर, त्या मशीनचा आवाज मी पुसून टाकला," विद्यार्थी म्हणाला. "मूळ ध्वनिमुद्रण आता कुठेच नाही." आणि मित्र गेला त्या दिवशी जितका रडला नव्हता तितका तो रडला. सरांनी त्याला रडू दिले. परत आणता येईल असे खोटे काही ते बोलले नाहीत.

सुटी लागताच विद्यार्थी दिगंबरच्या गावी गेला. परीक्षा संपली होती, मान मिळाला होता, आता कुणाला काही दाखवायचे नव्हते. घरात खिडकीखाली मशीन होती, तिच्यावर चादर टाकलेली. दिगंबर गेल्यापासून आईने शिवणे सोडले होते आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती. विद्यार्थ्याने उंबऱ्यातच सगळे सांगून टाकले. आवाज आपणच पुसला, आता तो मिळणार नाही, आपण दिलेले वचन खोटे ठरले.

आईने त्याला बसवून पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तो उठून जायला निघाला, तेव्हा म्हणाली, "हाय त्ये तरी लाव. नुसतं गानं. चित्र नगं."

त्याने लावले. घरात दिगंबरचा आवाज भरला. आई ऐकत राहिली. दुसऱ्यांदा लावायला सांगून ती उठली, मशीनवरची चादर तिने बाजूला केली, आणि स्टुलावर बसली. विद्यार्थ्याने दबक्या आवाजात विचारले, "काकू, टिपू का?" तिने होकाराची मान हलवली. त्याने कॅमेरा पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवला. धूर नव्हता, दिवा नव्हता. खिडकीतून येईल तो उजेड होता. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हते. दिगंबर गाऊ लागला आणि आईचा पाय चालू लागला. जिथे तो थांबे तिथे ती थांबे. कापड फिरवावे तसे तिचे हात मशीनच्या रिकाम्या फळीवर फिरत. पहिले कडवे झाले. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तो थांबला, तीही थांबली. तो पुन्हा गाऊ लागला, पण तिचा पाय उचलेना. चाकावर तळवा ठेवून ती बसून राहिली, आणि उरलेले गाणे दिगंबरने एकट्याने म्हटले. विद्यार्थ्याच्या तोंडून 'कट' निघाले नाही.

ते चित्रण त्याने सरांना त्याच दालनात नेऊन दाखवले. दुसरे कुणी नव्हते. सरांनी खुर्ची पडद्यासमोर सरळ ठेवली आणि शेवटपर्यंत पापणी न हलवता पाहिले. दिवे लागल्यावर चष्मा पुसत एवढेच म्हणाले, "हे मी पाहिलं नव्हतं."

विद्यार्थी पुन्हा गावी गेला, आईला दाखवायला. तो संगणक उघडू लागला तशी तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"मला कशाला दावतोस बाबा?" ती म्हणाली. "मी हुते की तिथं."

त्याने संगणक मिटला. तिने चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत विद्यार्थी खिडकीखालच्या मशीनकडे पाहत बसला. तिच्यावर पुन्हा चादर टाकलेली होती.